कारखान्यातील पहिली नोकरी: शोध, मुलाखत आणि त्याआधीची तयारी

यंत्रशाळा

उन्हाळी परीक्षांचे निकाल लागले की चाकण, रांजणगाव, वाळूज, शेंद्रा, सातपूर, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींमध्ये यांत्रिकी शाखेची पदविका किंवा पदवी घेतलेल्या मुलामुलींची नोकरीसाठी धावपळ सुरू होते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या गुणवत्ता विभागात काम करताना अशा उमेदवारांच्या मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे आहे. चांगली समज असलेली मुले पहिल्या दहा मिनिटांतच मागे पडताना पाहिली की मनापासून वाईट वाटते. त्यांनी तयारी केलेली नसते असे नाही. त्यांनी तयारी केलेली असते ती आंतरजालावरच्या शंभर प्रश्नोत्तरांची, आणि समोर बसलेल्या माणसाला त्या उत्तरांमध्ये काहीच रस नसतो.

मुलाखत घेणाऱ्याला एकच गोष्ट शोधायची असते: या मुलाने स्वतःच्या हाताने काही केले आहे का, आणि जे केले ते त्याला समजले आहे का. त्यामुळे तयारीची सुरुवात स्वतःच्या एका कामापासून करावी. ते काम वर्कशॉपमधील एखादा जॉब असेल, सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणातील एखादे निरीक्षण असेल, गावातल्या गॅरेजमध्ये उघडलेले इंजिन असेल. त्या कामात कोणते माप महत्त्वाचे होते, ते कशाने मोजले, काय बिघडत होते, का बिघडत होते आणि शेवटी काय केले, हे पाच मिनिटे सलग सांगता आले पाहिजे, आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यावर उलट प्रश्न आला तरी उत्तर देता आले पाहिजे.

एक नमुना देतो. आमच्याकडे उमेदवाराच्या हातात ड्रॉइंग आणि तयार भाग देऊन विचारले जाते की येथे २५ एच७ असे लिहिलेले छिद्र तुम्ही कशाने मोजाल. बहुतेक जण 'व्हर्निअरने' असे उत्तर देतात आणि थांबतात. आता २५ मिमी व्यासासाठी एच७ ची मर्यादा २५.००० ते २५.०२१ मिमी एवढीच असते, म्हणजे मापात चालणारी एकूण सूट (टॉलरन्स) २१ मायक्रॉनची. महाविद्यालयातील नेहमीच्या व्हर्निअरचे सर्वांत लहान माप ०.०२ मिमी, म्हणजेच २० मायक्रॉन असते. जेवढी सूट, जवळजवळ तेवढाच उपकरणाचा एक भाग, तर त्या मापावर विश्वास कसा ठेवणार? मोजण्याचे उपकरण सुटीच्या साधारण दहाव्या भागापर्यंत वाचता येणारे असावे हा आमच्या कामातला रुळलेला संकेत आहे. म्हणून येथे छिद्राचा आतला व्यास बारकाईने मोजणारा बोअर गेज लागतो, आणि रोज हजारो भाग तपासायचे असतील तर गो आणि नो-गो प्लग गेज लागतो, ज्यात गो बाजू छिद्राच्या लहान मर्यादेची आणि नो-गो बाजू मोठ्या मर्यादेची असते. यातले काहीही अभ्यासक्रमाबाहेरचे नाही. पदविकेच्या मापनशास्त्रात हे सर्व शिकवले जाते, परंतु परीक्षेत व्याख्या विचारतात आणि मुलाखतीत भाग हातात देतात, एवढाच फरक आहे.

रेझ्युमेविषयी थोडक्यात सांगतो. एक पान पुरे. तो साध्या मांडणीत, निवडता येईल अशा मजकुराच्या पीडीएफमध्ये असावा, कारण मोठ्या कंपन्यांमध्ये अर्जांची पहिली चाळणी अनेकदा संगणक करतो आणि चित्ररूपातील मजकूर किंवा चौकटींची गुंतागुंत त्याला नीट वाचता येत नाही. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'जलद शिकणारा' ही विशेषणे काढून त्या जागी यंत्रांची, उपकरणांची आणि सॉफ्टवेअरची नावे लिहावीत, आणि जे लिहाल ते उघडून दाखवता येईल एवढेच लिहावे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.

कोरडवाहू

सर, अत्यंत उपयुक्त लेखन आहे. मी लातूर जिल्ह्यातील एका खासगी महाविद्यालयातून यांत्रिकीची पदवी घेतली आहे. माझ्या मनात दोन शंका आहेत. आमच्या गटाने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाहेरून तयार करून घेतला होता आणि त्यात मी प्रत्यक्ष काहीच केलेले नाही. मुलाखतीत प्रकल्पाविषयी हमखास विचारतात असे ऐकतो. दुसरे म्हणजे, माझे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले आहे. इंग्रजीत विचारलेला प्रश्न मला समजतो, परंतु उत्तर देताना वाक्य अर्ध्यावर तुटते. याची तयारी कशी करावी?

यंत्रशाळा

प्रकल्प विकत घेणे ही सर्वदूर पसरलेली गोष्ट आहे आणि मुलाखत घेणाऱ्यांना ती पूर्ण ठाऊक आहे. 'या शाफ्टचा व्यास एवढाच का घेतला?' या एका प्रश्नात सगळे उघड होते. त्यामुळे प्रकल्पाचे खोटे श्रेय घेऊ नका. प्रकल्पाचा विषय दोन वाक्यांत सांगून 'माझा वाटा कागदपत्रांपुरता होता, परंतु ज्या कामात मी स्वतः हात घातला ते सांगू का?' असे विचारा. माझ्या माहितीतला कोणताही जाणता माणूस याला नकार देणार नाही.

आणि असे काम तुमच्याकडे नक्की असेल. मराठवाड्यातूनच आलेल्या एका मुलाला मी विचारले होते की घरी कोणते यंत्र दुरुस्त केले आहे. त्याने विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरविषयी सांगायला सुरुवात केली. तीन फेजपैकी एक गेली की मोटार उरलेल्या दोन फेजवर चालत राहते, त्यांतून जास्त प्रवाह ओढते, वाइंडिंग तापते आणि जळते. गावात रात्रीची वीज येते तेव्हा पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून लोक ऑटो स्विच बसवतात, आणि एक फेज गेली की मोटार बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नसला किंवा तो कोणी काढून ठेवला असला की नेमका रात्री कोणी जवळ नसताना मोटारीचा घात होतो. त्याने ओव्हरलोड रिले कोणत्या प्रवाहावर लावावा हे मोटारीवरची पाटी वाचून कसे ठरवले, तेही सांगितले. हे सगळे तो मराठीत बोलला. देखभाल विभागासाठी त्याची निवड करताना कोणालाही दुसरा विचार करावा लागला नाही. शेतातल्या यंत्रांवरचा अनुभव रेझ्युमेत लिहायला मुले संकोचतात, हे मला फार खटकते.

भाषेबद्दल माझे मत असे की स्वतःचा परिचय आणि ते एक काम, एवढे दोन भाग इंग्रजीत लिहून, मोठ्याने म्हणून, तोंडात बसवावेत. त्यापुढे अडचण आली तर 'हे मी मराठीत किंवा हिंदीत सांगितले तर चालेल का?' असे सरळ विचारावे. उत्पादनाच्या लाइनवर काम करणाऱ्या माणसांशी मराठी आणि हिंदीतच बोलायचे असते.

मापनकक्ष

यंत्रशाळा यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु भाषेच्या मुद्द्यावर मला वेगळे सांगावेसे वाटते. मी ज्या कारखान्यात आहे तेथील माल युरोपात जातो. गुणवत्ता विभागातील कनिष्ठ अभियंत्यालाही ग्राहकाच्या तक्रारीवर आठ टप्प्यांचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो, ग्राहकाचा लेखापरीक्षक आला की त्याच्या प्रश्नांना तोंडी उत्तरे द्यावी लागतात, आणि आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या लेखापरीक्षणात नोंदी दाखवाव्या लागतात. मराठीत उत्तर देण्याची परवानगी मागणारा उमेदवार मी नाकारत नाही, परंतु त्याला गुणवत्ता विभागाऐवजी उत्पादनाकडे पाठवतो, आणि दोन-तीन वर्षांनी दोघांच्या वाटा वेगळ्या झालेल्या दिसतात. म्हणून 'चालेल' यावर समाधान मानू नये. रोज एका तांत्रिक विषयावर दहा ओळी इंग्रजीत लिहाव्यात आणि त्या कोणालातरी वाचून दाखवाव्यात. व्याकरणाची चूक आम्ही मोजत नाही. 'काय बिघडले, किती भागांत बिघडले, कारण काय आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले' हे चार मुद्दे क्रमाने आले की भाषा पुरेशी आहे असे आम्ही मानतो.

याला जोडून आणखी एक सूचना करतो. सात क्यूसी टूल्स, फाइव्ह एस, कायझेन, पोका-योके हे शब्द प्रत्येक रेझ्युमेत असतात. त्यांची व्याख्या आम्ही विचारत नाही, उदाहरण विचारतो. मोबाइलचे सिमकार्ड उलटे बसू नये म्हणून त्याचा एक कोपरा कापलेला असतो, हे पोका-योकेचे, म्हणजे चूक होऊच नये अशा रचनेचे, अगदी साधे उदाहरण, पण ते स्वतः शोधून सांगणारा उमेदवार क्वचित भेटतो.

यंत्रशाळा

मापनकक्ष यांचे म्हणणे निर्यात करणाऱ्या कारखान्यांच्या बाबतीत योग्य आहे. माझा आग्रह एवढाच आहे की भाषेच्या भीतीने मुलाने विषयच बोलायचा सोडू नये. पहिल्या दिवशी विषय समोर यावा, भाषा त्याच्या मागोमाग येते असा माझा अनुभव आहे.

गोदाकाठ

नमस्कार. पदवीनंतर तीन वर्षे मी राज्यसेवेची तयारी केली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, परंतु निवड झाली नाही. आता घरची जबाबदारी पाहता खासगी क्षेत्रात यायचे ठरवले आहे. रेझ्युमेतील या खंडाचे स्पष्टीकरण कसे द्यावे? काही मित्रांनी एखाद्या ओळखीच्या कारखान्याचे अनुभवाचे प्रमाणपत्र घेण्याचा सल्ला दिला आहे.

यंत्रशाळा

तो सल्ला कृपया मानू नका. आता पडताळणी केवळ फोनवर होत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर कोणत्या आस्थापनेने किती महिने वर्गणी भरली हे दिसते, आणि अनुभव दाखवला पण नोंद नाही असे झाले की रुजू झाल्यावरसुद्धा नोकरी जाते.

स्पर्धा परीक्षेची तयारी ही महाराष्ट्रात इतकी सर्वसाधारण गोष्ट आहे की तिच्याकडे कोणी कमीपणाने पाहत नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या मनात दोन शंका असतात: हा मुलगा जाहिरात निघाली की पुन्हा सोडून जाईल का, आणि याचा तांत्रिक विषय विसरला गेला आहे का. पहिल्या शंकेला एका वाक्यात उत्तर द्या, आणि ते खरे असेल तरच द्या. दुसऱ्या शंकेला उत्तर कृतीतून द्यावे लागेल. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, तेथे सीएनसी आणि कॅड-कॅमचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम चालतात. असा एखादा अभ्यासक्रम अलीकडच्या तारखेचा असला की खंडाविषयीची चर्चा लवकर संपते.

शिकाऊ उमेदवारीचाही विचार करा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार पदवी आणि पदविकाधारकांना एक वर्षाचे प्रशिक्षण विद्यावेतनासह मिळते, आणि त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या 'नॅट्स' पोर्टलवर करता येते. महाराष्ट्र आणि गोव्याचे काम मुंबईतील पश्चिम विभागाच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडे आहे. पदवी मिळून किती वर्षे झाली याला तेथे मर्यादा असते, ती अर्ज करण्याआधी पाहून घ्या. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सुरुवातीला बारावीसाठी ६,०००, आयटीआय व पदविकेसाठी ८,००० आणि पदवीसाठी १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरवले होते. मात्र हे प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे, आणि ते संपल्यावर कायम करण्याचे बंधन कारखान्यावर नसते, हे आधीच समजून घ्यावे.

लेकीची_आई

माझी मुलगी पदविकेला जिल्ह्यात पहिल्या काही क्रमांकांत आली आहे. मागील आठवड्यातील एका मुलाखतीत तांत्रिक प्रश्नांची उत्तरे तिने चांगली दिली, परंतु नंतर तिला विचारले गेले की लग्न कधी करणार आहात आणि लग्नानंतर नोकरी सोडणार का. ती गोंधळली आणि घरी येऊन रडली. अशा प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हे कृपया कोणी सांगावे.

पहिली_पाळी

ताई, मी स्वतः उत्पादन विभागात काम करणारी स्त्री आहे आणि हा प्रश्न मलाही विचारला गेला होता. तो विचारणे अयोग्य आहे, याबद्दल मनात शंका ठेवू नका. भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्यातच मनाई होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. परंतु मुलाखतीच्या टेबलावर कायद्याचे कलम सांगून नोकरी मिळत नाही, हेही खरे. मुलीने शांतपणे एवढेच म्हणावे: 'या पदासाठी पाळ्या, प्रवास आणि उभे राहून करायचे काम यांची मला कल्पना आहे आणि त्याला माझी तयारी आहे, या कामाविषयी आणखी काही विचारायचे असल्यास मला आवडेल.' यानंतरही तोच प्रश्न पुन्हा आला, तर त्या कारखान्यात तिच्याशी कसे वागले जाईल याचे उत्तर तिला तेथेच मिळालेले असते.

तिने स्वतःहूनही काही प्रश्न विचारावेत. पाळीनंतर बस कोठपर्यंत सोडते, विभागात आणखी किती स्त्रिया आहेत, कपडे बदलण्याची स्वतंत्र खोली आहे का, अंतर्गत तक्रार समिती कोण पाहते. असे प्रश्न विचारणारी मुलगी कामाचा गंभीरपणे विचार करून आली आहे असेच जाणत्यांना वाटते.

पोशाखाविषयीही सांगते, कारण याकडे फार दुर्लक्ष होते. कारखान्यातील मुलाखतीत बऱ्याचदा लाइन दाखवायला नेतात. फिरत्या यंत्राजवळ मोकळी ओढणी, मोकळे केस, बांगड्या चालत नाहीत. साधा कुर्ता किंवा शर्ट-पँट, बांधलेले केस आणि पूर्ण बंद बूट घालून जावे. मुलांनीही चप्पल किंवा कापडी बूट टाळावेत. आत गेल्यावर जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालावे, कोणत्याही भागाला विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि हातात दिलेला भाग परत जेथून घेतला त्याच ट्रेमध्ये ठेवावा. आमचे विभागप्रमुख हे मुद्दाम पाहतात. फाटकावर आधारकार्ड लागते, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात, आणि त्यात वेळ जातो. चाकणला जाणार असाल तर तळेगाव चौकातील कोंडी लक्षात घेऊन बराच आधी निघावे.

लेखापाल_नाशिक

पगाराविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. 'अडीच लाखांचे पॅकेज' ऐकून महिन्याला वीस हजारांहून अधिक हातात येतील असे मुलांना वाटते. एक हिशेब पाहा. दरमहा एकूण वेतन १८,००० रुपये आणि त्यातील मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये असतील, तर १२ टक्क्यांप्रमाणे भविष्य निर्वाह निधीत तुमचे १,४४० रुपये जातात. वेतन २१,००० रुपयांच्या आत असल्याने कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये कापले जातात. व्यवसाय कर दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये. स्त्रियांना २५,००० रुपयांपर्यंत तो माफ आहे. म्हणजे पुरुष कर्मचाऱ्याच्या हाती १६,२२५ रुपये येतात. आता कंपनी आपल्या वाट्याचे निधीचे १,४४०, विम्याचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ आणि उपदानाचे (ग्रॅच्युइटीचे) सुमारे ५७७ रुपये यात मिळवते, आणि २०,६०२ ला बाराने गुणून २,४७,२२४ रुपये असा आकडा सांगते. यात फसवणूक नाही, परंतु होकार देण्याआधी 'हातात किती पडतील?' हे विचारण्यात कोणताही कमीपणा नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की नेमणूकपत्र कारखाना देणार की कंत्राटदार. एकाच लाइनवर, एकाच गणवेशात दोन्ही प्रकारची माणसे काम करतात आणि त्यांच्या सुविधा वेगळ्या असतात. पत्रावर कोणाचे नाव आहे ते वाचल्याशिवाय सही करू नये. मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची मागणी झाली तर नम्रपणे नकार द्यावा आणि साक्षांकित प्रती द्याव्यात. बंधपत्र असेल तर मुदत आणि रक्कम नीट पाहावी. 'असे बंधपत्र न्यायालयात टिकत नाही' या ऐकीव माहितीवर विसंबू नये. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात किमान तीन वर्षे सेवा, अन्यथा दोन लाख रुपये भरपाई, ही अट वैध ठरवली आहे.

नोकरी लावून देण्यासाठी नोंदणी शुल्क, गणवेशाची अनामत किंवा लॅपटॉपची रक्कम मागणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नयेत. गेले असतील तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

कोरडवाहू

सर्वांचे आभार. यंत्रशाळा सरांनी सांगितल्याप्रमाणे मी एका कामाचे टिपण तयार केले आहे. ते असे: 'मी प्रशिक्षणाच्या काळात एका कारखान्यात सीएनसी लेथ विभागात होतो. आमच्या टीमने रिजेक्शन कमी करण्यासाठी खूप मेहनत घेतली. टूल बदलण्याच्या पद्धतीत सुधारणा केल्यामुळे उत्पादनाची गुणवत्ता वाढली आणि मला टीमवर्कचे महत्त्व समजले.' यात काय सुधारावे?

यंत्रशाळा

सुरुवात चांगली आहे, परंतु यात तुम्ही कोठेच दिसत नाही. 'आमच्या टीमने' या ठिकाणी तुम्ही स्वतः काय केले ते लिहा: मोजमाप घेतले, नोंदवहीत आकडे भरले, की टूल बदलताना ऑपरेटरशेजारी उभे राहून पाहिले. केवळ नोंदी केल्या असतील तर तेवढेच लिहा, ते पुरेसे आहे. 'खूप मेहनत' आणि 'टीमवर्कचे महत्त्व' ही दोन्ही वाक्ये काढून टाका. कोणते माप सुटीबाहेर जात होते, ते वाढत होते की कमी होत होते, आणि किती भागांनंतर जायला लागले, हे आठवून लिहा, कारण बाहेरचा व्यास हळूहळू वाढत गेला असेल तर इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) झिजल्याचा संशय येतो आणि एकदम बदलला असेल तर ऑफसेट (यंत्रात भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती), पकड किंवा इन्सर्ट तुटणे याकडे पाहावे लागते. पुढचा प्रश्न तुम्हाला याच जागी येणार आहे. त्या कारखान्याच्या ग्राहकाचे नाव, भाग क्रमांक आणि ड्रॉइंगचा फोटो मात्र टिपणात किंवा मोबाइलमध्ये ठेवू नका. ती त्यांची गोपनीय माहिती आहे, आणि जो जुन्या ठिकाणची गुपिते दाखवतो त्याला आम्ही घेत नाही.

नवीन टिपण येथेच लिहा. मापनकक्ष यांनाही विनंती आहे की त्यांनी त्यावर दोन-तीन उलट प्रश्न विचारावेत.